देवनागरीच्या मापाचं पान

‘घर’ आणि ‘धर’, ‘भात’ आणि ‘मात’, ‘बाट’ आणि ‘वाट’. मोठ्या टाइपात छापल्या तर या जोड्या पहिलीतलं मूलही न अडखळता वाचतं. त्याच जोड्या फोनवर बारीक अक्षरात, फिकट करड्या रंगात आणि एकमेकींना खेटलेल्या ओळींत वाचायला घेतल्या की साठीतल्या माणसाला प्रत्येक शब्द आजूबाजूच्या मजकुरावरून ताडून घ्यावा लागतो. चार परिच्छेदांत तो दमतो आणि फोन बाजूला ठेवतो. आपण म्हणतो, हल्ली लोक वाचत नाहीत.

ही तक्रार करण्याआधी अक्षराकडे जवळून बघायला हवं. घ आणि ध यांच्यातला मुख्य फरक डावीकडे शिरोरेघेत पडलेल्या एका छोट्या खिंडीचा आहे. भ आणि म यांच्यातही तीच खिंड आणि तिच्या शेजारची लहानशी गाठ. ब म्हणजे पोटात तिरपी रेघ असलेला व, आणि ष म्हणजे पोटात तिरपी रेघ असलेला प. हे फरक नाजूक आहेत. अक्षर लहान झालं की पहिल्यांदा ते बुजतात. खिंड भरते, पोट काळं होतं आणि दोन वेगळी अक्षरं जुळ्या भावंडांसारखी दिसू लागतात. रोमन लिपीतही अशा जोड्या आहेत, पण तिथे उभ्या दांड्या ओळीच्या वर चढतात, खाली लोंबतात, आणि शब्दाला त्यामुळे उंचसखल आकार येतो. आपल्याकडे सगळी अक्षरं एका सरळ रेघेला टांगलेली असतात. शब्दाची वरची कडा बहुधा सपाट असते. जे ओळखायचं ते रेघेखालच्या पोटात, नाहीतर रेघेवरच्या मात्रा-वेलांट्यांत.

मराठी मजकूर पडद्यावर मांडताना घोळ होतो तो इथूनच. अक्षराचा आकार, दोन ओळींमधलं अंतर, ओळीची लांबी, ठळकपणा, अधोरेखन ही सगळी मापं आपण तयार साच्यांतून उचलतो, आणि ते साचे रोमन लिपीसाठी बेतलेले असतात. देवनागरीची अंगकाठी वेगळी आहे. तिचं माप वेगळं घ्यावं लागतं.

आधी आकार. संगणकावर अक्षराचं माप ‘१६’ किंवा ‘१८’ असं सांगतात, ते अक्षराचं नसून ज्या अदृश्य चौकटीत अक्षर बसतं तिचं असतं. रोमन अक्षराला त्या चौकटीत ऐसपैस जागा मिळते. देवनागरीला त्याच चौकटीत वर रफार, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, पायमोडक्या अक्षरांचे पाय, अशा तीन मजल्यांची सोय करावी लागते. मग मधल्या मजल्यावरचं मूळ अक्षर आपोआप आक्रसतं. म्हणून एकाच मापाची दोन वाक्यं, एक इंग्रजी आणि एक मराठी, शेजारी ठेवली तर मराठी वाक्य बरेचदा बारीक वाटतं. ब्राउझरचं ठरलेलं माप १६ पिक्सेल असतं. इंग्रजीला ते पुरतं. मराठी लेखाला मी १८ च्या खाली जाणार नाही, आणि वाचक वयस्कर असतील तर २० ला सुरुवात करीन.

मग दोन ओळींमधलं अंतर. खिळे जुळवण्याच्या काळात ओळींच्या मध्ये शिशाची पातळ पट्टी घालत. ती पट्टी किती जाड घ्यायची हे जुळारी नजरेनं ठरवत असे. पडद्यावर तेच काम एका आकड्यानं होतं. इंग्रजीसाठी अक्षराच्या मापाच्या दीडपट अंतर चांगलं मानतात. मराठीत काय होतं ते बघा. वरच्या ओळीत ‘शत्रूच्या’ हा शब्द आहे आणि बरोबर त्याच्याखाली पुढच्या ओळीत ‘कीर्ती’. वरून त्रूचा दीर्घ उकार खाली उतरतोय, खालून र्तीचा रफार आणि वेलांटी वर चढतेय. अंतर कमी असेल तर दोघं एकमेकांत घुसतात आणि उकार नेमका कोणत्या ओळीचा हे डोळ्याला क्षणभर कळत नाही. ‘विद्यार्थ्यांनी’ या शब्दात रफार आणि अनुस्वार एकाच अक्षराच्या डोक्यावर बसतात. तिथेही हेच. माझ्या अनुभवात देवनागरीला पावणेदोनपट अंतर बरं पडतं. फॉन्टप्रमाणे ते थोडं खालीवर करावं लागतं, पण दीडपट म्हणजे तळ समजावा.

हा क्षणभराचा गोंधळ महाग का पडतो, हे डोळ्याच्या हालचालीवरून कळतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसमधले नेत्रवैद्य लुई एमिल जाव्हाल यांच्या प्रयोगशाळेत लक्षात आलं की वाचताना डोळा ओळीवरून सरकत जात नाही, तो उड्या मारतो. एका ठिकाणी साधारण पाव सेकंद थांबतो, तेवढ्यात जे दिसेल ते टिपतो आणि पुढे उडी घेतो. मधूनमधून मागेही येतो. सराईत वाचकाच्या उड्यांपैकी दहा-पंधरा टक्के उड्या मागे जाणाऱ्या असतात. ओळ संपली की एक लांब उडी डावीकडे, पुढच्या ओळीच्या सुरुवातीला. ओळ फार लांब असेल किंवा ओळी खेटून असतील तर ही परतीची उडी चुकते. डोळा तीच ओळ पुन्हा वाचतो, नाहीतर एक ओळ गाळतो. वाचकाला हे जाणवत नाही. त्याला एवढंच वाटतं की मजकूर जड आहे.

म्हणून ओळीची लांबी. इंग्रजी पुस्तकासाठी ओळीत ४५ ते ७५ अक्षरं असावीत असा टंकरचनाकारांचा जुना ठोकताळा आहे. मराठीत अक्षरं मोजणंच अवघड. ‘र्थ्यां’ हे एक मोजायचं की पाच? त्यापेक्षा शब्द मोजावेत. मराठी शब्द प्रत्ययांमुळे लांबतात. ‘शेतकऱ्यांसाठीच्या’ एवढ्या एका शब्दात इंग्रजीचे तीन-चार शब्द मावतात. तेव्हा ओळीत आठ ते अकरा शब्द हे मला योग्य माप वाटतं. मोठ्या पडद्यावर मजकूर या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरू देणं हा सर्वांत सहज टाळता येण्यासारखा दोष आहे. बाजूला कोरी जागा राहिली तर राहू द्यावी.

फोनवर उलटी अडचण असते. तिथे ओळीत पाच-सहाच शब्द बसतात. अशा अरुंद रकान्यात वर्तमानपत्रासारखा दोन्ही कडा सरळ ठेवण्याचा हट्ट धरला की लांब मराठी शब्द पुढच्या ओळीवर ढकलले जातात आणि मागे राहिलेल्या तीन शब्दांमध्ये मोठमोठी भगदाडं पडतात. फोनवर मजकुराची डावी कडा सरळ ठेवावी, उजवी मोकळी सोडावी. शब्द तोडायचाच झाला तर तो अक्षराच्या सीमेवर तुटला पाहिजे. जोडाक्षर मध्येच फुटून अर्धं वर आणि अर्धं खाली गेलेलं पान कुणीही वाचू नये.

तयार साचे सर्वांत जास्त घात करतात तो सजावटीत. इंग्रजी शीर्षक उठावदार दिसावं म्हणून अक्षरांमध्ये जादा अंतर सोडायची पद्धत आहे. तोच साचा मराठी शीर्षकाला लावला की शिरोरेघ तुटते. ‘महाराष्ट्र’ हा शब्द म, हा, रा, ष्ट्र असे सुटे तुकडे होऊन पडतो. देवनागरीत शब्द कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हे ती अखंड रेघच सांगते. ती तोडणं म्हणजे शब्दच मोडणं. तिरप्या अक्षरांचंही तसंच. रोमनमध्ये तिरप्या वळणाची स्वतंत्र जुनी परंपरा आहे. आपल्याकडे ती नाही. यंत्र उभं अक्षर नुसतं कलतं करतं, आणि काने कलंडलेलं ते अक्षर जोर दाखवण्याऐवजी पडायला आल्यासारखं दिसतं. ठळक करावं तर जाड रेघा ष, क्ष, ज्ञ यांची पोटं भरून टाकतात. त्यामुळे जोर द्यायचा असेल तर अगदी जाड वळण न घेता मध्यम जाडीचं घ्यावं आणि तेही चार-दोन शब्दांपुरतंच.

अधोरेखन तर ‘कुटुंब’ या शब्दाखाली करून पाहावं. दोन्ही उकारांच्या मधोमध रेघ जाते. कु आणि कू यांतला फरकच त्या रेघेत लपतो. पडद्यावर दुव्याखाली रेघ ओढण्याची रीत असते. ती सोडून द्यावी असं मी म्हणणार नाही, कारण रंग नीट न दिसणाऱ्या वाचकाला दुवा त्या रेघेनंच कळतो. पण रेघ पुरेशी खाली उतरवता येते आणि उकारापाशी ती खंडित करण्याची सोयही आताच्या ब्राउझरमध्ये आहे. ती वापरायला हवी.

हे सगळं नवं नाही. मराठी मुद्रकांनी अक्षराची ही कुरकुर फार आधी ऐकली होती. श्रीरामपूरला विल्यम कॅरी यांनी १८०५ मध्ये मराठी भाषेचं व्याकरण छापलं तेव्हा देवनागरीचे खिळे पाडण्याचं काम बंगाली कारागिरांच्या हातांनी झालं होतं. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ च्या सुमारास शिळाप्रेस सुरू केला आणि पुढे खिळ्यांवरही छपाई केली. पण मराठी डोळ्याला खऱ्या अर्थानं वळण लावलं ते निर्णयसागर छापखान्यानं. त्याचे संस्थापक जावजी दादाजी चौधरी मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम शिकले, तिथे त्यांनी टॉमस ग्रॅहम यांच्या हाताखाली टाइप बघितला. पुढे स्वतःचा कारखाना काढला तेव्हा राणोजी रावजी आरू या कसबी माणसानं त्यांच्यासाठी अक्षरांचे ठसे कोरले. निर्णयसागरचं अक्षर रुंद, मोकळ्या पोटाचं आणि बोरूच्या जाड-बारीक वळणाशी इमान राखणारं होतं. संस्कृत ग्रंथ छापताना चार-चार अक्षरांची जोडणी सांभाळावी लागे, तरीही पान गिचमिडीत वाटत नसे. देशभरचे पंडित निर्णयसागरच्या प्रती शोधून घेत, त्यामागे शुद्ध पाठाइतकाच त्या अक्षराचाही वाटा होता असं मला वाटतं.

त्याच छापखान्यांच्या काळात एक दुसरी ओढाताणही सुरू होती. रोमन टाइपाला शंभरेक खिळे पुरत. देवनागरीला काना, मात्रा, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं धरून कित्येक शेकडे खिळे लागत. जुळाऱ्यासमोर खणच खण. लोकमान्य टिळकांनी खिळ्यांची संख्या कमी कशी करता येईल यावर बारकाईनं विचार केला होता. सावरकरांनी ‘अ’ची बाराखडी सुचवली, ज्यात इ आणि ई ही स्वतंत्र अक्षरं न ठेवता अ लाच वेलांटी द्यायची होती. १९५३ मध्ये लखनौला झालेल्या लिपी परिषदेत तर ऱ्हस्व वेलांटी डावीकडून उचलून अक्षराच्या उजवीकडे ठेवायचं ठरलं, कारण यंत्राला आधी वेलांटी आणि मग अक्षर हा उलटा क्रम अडचणीचा होता. लोकांच्या डोळ्यांनी ते स्वीकारलं नाही आणि काही वर्षांतच तो बदल मागे घ्यावा लागला. शासनाच्या मुद्रण खात्यात राहून हे सगळं जवळून पाहिलेल्या बापूराव नाईक यांनी ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’ हा मोठा ग्रंथ लिहिला. भाषा संचालनालयानं तो १९७१ मध्ये प्रसिद्ध केला. लिपी यंत्रापुढे वाकवण्याच्या एका संपूर्ण शतकाची हकिगत त्यात आहे.

आज यंत्र लिपीपुढे वाकतं. ‘कि’ लिहिताना संगणक आधी क आणि मग ऱ्हस्व वेलांटी असाच क्रम साठवतो, उच्चाराप्रमाणे. दाखवताना मात्र वेलांटी डावीकडे नेऊन बसवतो. लखनौला ज्यासाठी लिपी बदलायला निघाले होते, ते काम आता फोनमधला एक लहानसा प्रोग्रॅम करतो. ही मुभा मिळाल्यावरही आपण अक्षराला दाटीवाटीनं कोंबत असू तर दोष यंत्राकडे जात नाही.

या बदलाला तोंड देणाऱ्या माणसांत र. कृ. जोशी यांचं नाव आदरानं घ्यायला हवं. कवी, सुलेखनकार आणि मुंबईच्या आयआयटीतल्या औद्योगिक अभिकल्प केंद्रातले शिक्षक. विंडोजमध्ये देवनागरीसाठी आलेला ‘मंगल’ हा फॉन्ट त्यांच्या हातचा. २००० नंतर लाखो मराठी माणसांनी पडद्यावरचं पहिलं खरं मराठी अक्षर पाहिलं ते मंगलमध्ये. त्या काळच्या भरड पडद्यावर ठिपके इतके थोडे असत की ष ची तिरपी रेघ दाखवायला जेमतेम दोन-तीन ठिपके मिळत. त्या मर्यादेत ते अक्षर उभं राहिलं. नंतरच्या पिढीनं पुढचं काम केलं. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाचा ‘मुक्ता’ मोफत मिळतो आणि लहान मापातही त्याची पोटं उघडी राहतात. राज्य मराठी विकास संस्थेनं ‘यशोमुद्रा’ करून घेतला. पुस्तकी वळण हवं असेल तर ‘टीरो देवनागरी मराठी’ आहे. त्याच्या नावातच मराठी आहे, आणि त्याला कारण आहे.

मराठी ल आणि हिंदी ल यांची वळणं वेगळी आहेत, तशीच श चीही. मराठी ल ला दोन पाकळ्या असतात, मराठी श ला देठ असतो. हिंदीसाठी बेतलेल्या फॉन्टमधून मराठी मजकूर छापत राहिल्यामुळे आपल्या पाठ्यपुस्तकांत, पाट्यांवर आणि पडद्यावर दंडाचा ल आणि शेंडीचा श पसरला. महाराष्ट्र शासनानं २००९ मध्ये प्रमाण वर्णमालेचा निर्णय काढला तेव्हा पाकळीचा ल आणि देठाचा श हीच मराठीची रूपं म्हणून नोंदवली. पडद्यावर ती आणायला अगदी थोडं करावं लागतं. पुष्कळ चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही रूपं भरलेली असतात. पान कोणत्या भाषेतलं आहे हे पानाच्या मुळाशी एका छोट्या खुणेनं सांगितलं की फॉन्ट मराठी रूप काढून देतो. खूण नसेल तर तो हिंदी समजून चालतो. अनेक मराठी पानांच्या मुळाशी आजही इंग्रजीची खूण असते, कारण साच्यात ती तशीच आलेली असते.

हीच खूण आणखी एका वाचकाच्या उपयोगाची आहे, जो डोळ्यांनी वाचत नाही. दृष्टिहीन माणसं पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरतात. पान मराठी आहे हे त्या सॉफ्टवेअरला कळलं तर ते मराठी उच्चार लावतं. नाही कळलं तर अडखळतं, किंवा गप्प बसतं. इथे युनिकोडचं महत्त्व येतं. १९९० च्या दशकात आणि त्यानंतरही बरीच वर्षं मराठीचे फॉन्ट निरनिराळ्या कंपन्यांनी आपापल्या पद्धतीनं बनवलेले असत. आत साठवलेली अक्षरं रोमनच असत, वरून त्यांना देवनागरीचा वेष चढवलेला असे. तो विशिष्ट फॉन्ट समोरच्याकडे नसला की मजकुराचा जागच्या जागी कचरा होई. शोधता येत नसे, दुसरीकडे चिकटवता येत नसे, आणि वाचून दाखवणाऱ्या यंत्राला तर तो अर्थहीन रोमन अक्षरांचा ढीगच होता. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला कायमचा क्रमांक आहे. फॉन्ट बदला, आकार बदला, यंत्र बदला, क म्हणजे क च राहतो. तरीही आजसुद्धा संस्थांची परिपत्रकं, कार्यक्रमपत्रिका, अगदी श्रद्धांजलीचे मजकूरही चित्र करून पाठवले जातात. चित्रातला मजकूर मोठा करायला गेलं की धूसर होतो, शोधला तर सापडत नाही, आणि अंध वाचकाला तिथे काहीच नसतं. सुंदर चित्र जरूर पाठवावं. त्याच्याखाली तोच मजकूर टंकलेलाही असावा.

रंगाचं थोडक्यात सांगतो, कारण इथे मापं ठरलेली आहेत. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमच्या सुलभतेच्या निकषांप्रमाणे अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या तेजातलं गुणोत्तर किमान ४.५ ला १ असावं. अधिक कडक निकष ७ ला १ चा. पांढऱ्यावर काळं म्हणजे २१ ला १. फॅशन म्हणून वापरला जाणारा ‘९९९’ क्रमांकाचा करडा रंग पांढऱ्यावर २.८५ ला येतो, म्हणजे सरळ नापास. ‘७७७’ सुद्धा ४.४८ वर थांबतो. साठीतल्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतल्या माणसाच्या मानानं तिसरा हिस्साच उजेड पोचतो, कारण बाहुली लहान होते आणि भिंग पिवळसर पडतं. ज्यांच्याकडे वाचायला सवड आहे आणि मराठीचं वाचन मुरलेलं आहे, अशा वाचकांनाच फिकट अक्षर सर्वांत जास्त दुखवतं. काळ्यावर पांढरं हवं असेल त्याला ती सोय द्यावी, पण मूळ रूप म्हणून नाही. काळ्यावर उजळ अक्षर फुललेलं दिसतं, आणि ब ची, ष ची पोटं पुन्हा भरतात.

अक्षर, ओळ, रंग सगळं नीट केलं तरी एक अडसर राहतो. तो वाक्यात असतो. मराठीत क्रियापद शेवटी येतं. ही आपल्या भाषेची ताकद आहे, पण वाक्य लांबलं की वाचकाला सगळं सामान डोक्यावर घेऊन क्रियापदापर्यंत चालावं लागतं. नमुन्यादाखल एक सरकारी वळणाचं वाक्य रचून दाखवतो: ‘ज्या लाभार्थ्यांनी गतवर्षी सदर योजनेअंतर्गत अर्ज सादर केलेला असून ज्यांच्या अर्जासोबत उत्पन्नाचा दाखला जोडलेला नव्हता अशा लाभार्थ्यांनी आपले अर्ज आवश्यक त्या कागदपत्रांसह दिनांक ३१ जुलैपर्यंत संबंधित कार्यालयात सादर करावेत.’ यात एकही कठीण शब्द नाही. तरी पहिल्या वाचनात हे माझ्यासाठी आहे की नाही ते कळत नाही, आणि काय करायचं ते शेवटच्या शब्दाला कळतं. आता हे: ‘गेल्या वर्षी अर्ज केला, पण उत्पन्नाचा दाखला जोडला नव्हता? मग ३१ जुलैपर्यंत कार्यालयात पुन्हा अर्ज द्या. सोबत उत्पन्नाचा दाखला जोडा.’ आधी वाचकाला ओळख पटते, मग तारीख, मग काम. नियम तोच, मजकूर बराच कमी. दुसरं रूप लिहायला वेळ जास्त लागतो, आणि तो वेळ लिहिणाऱ्यानं द्यायचा असतो. कारण लिहिणारा एक असतो आणि वाचणारे हजार.

क्रम हा वापरसोयीचा अर्धा भाग आहे. वापरसोयीचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी १९९७ मध्ये तपासलं तेव्हा पडद्यावरचा नवा मजकूर ७९ टक्के वाचकांनी नुसता नजरेखालून घातला होता. शब्दन् शब्द वाचणारे १६ टक्के. हे वाचून काही लेखक खट्टू होतात. मला ते स्वाभाविक वाटतं. माणूस आधी बघतो की आपल्या कामाचं इथे काय आहे, आणि सापडलं की मग सावकाश वाचतो. त्याला बघण्यासाठी खुणा लागतात. देवनागरीत मोठी-लहान अक्षरं असा भेद नाही, त्यामुळे विशेषनामं ओळीतून डोकं वर काढत नाहीत आणि शीर्षकही आपोआप उठून दिसत नाही. आपल्याकडे आकार, जाडी आणि मोकळी जागा एवढीच साधनं आहेत. म्हणून उपशीर्षक सरळ अर्थाचं असावं, त्याच्या वर जास्त जागा आणि खाली कमी, म्हणजे ते पुढच्या परिच्छेदाचं आहे हे दिसतं. लेखाची तारीख वर असावी. बोटानं दाबायची जागा बोटाएवढी असावी. वाचक पहिल्या परिच्छेदात असताना त्याच्या तोंडावर कुठलीही खिडकी उघडू नये.

ही विद्या मराठी घरांत भिंतीवर टांगलेली आहे. जयंतराव साळगांवकरांनी १९७३ मध्ये सुरू केलेलं ‘कालनिर्णय’ स्वयंपाकघराच्या भिंतीवरून वाचायचं असतं, आणि वाचणारीचे हात बहुधा पिठात असतात. तारखेचा आकडा खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसतो. सुट्टी लाल रंगावरून कळते. सण चार पावलांवरून वाचता येतो. तिथी, नक्षत्र, संकष्टीचा चंद्रोदय हे जवळ गेल्यावर. सावकाश वाचायचे लेख आणि पाककृती मागच्या बाजूला. ज्याला जे जितक्या घाईनं हवं तितकं ते मोठं. एकाच कागदावर इतक्या थरांची माहिती आणि तरी कुणाला कशी वाचायची ते शिकवावं लागलं नाही. तीच गोष्ट मोठ्या टाइपातल्या पोथ्यांची. पूर्वीच्या हस्तलिखितांत शब्दांमध्ये जागा सोडत नसत, शिरोरेघ सलग चालायची, कारण वाचणाऱ्याला मजकूर बराचसा मुखोद्गत असायचा. छापील पोथीनं पदं सुटी केली, टाइप मोठा केला, आणि गुरुचरित्र, ज्ञानेश्वरी चष्मा लावणाऱ्या आजींच्या हाती स्वतंत्रपणे आली. त्या पोथीचं पान बघताना कुणी म्हणत नाही की अक्षर उगाच मोठं आहे.

तेव्हा एखादं मराठी पान नव्यानं मांडलं की त्याची परीक्षा साठीच्या पुढच्या माणसाकडून करून घ्यावी, त्याच्याच फोनवर, त्याच्याच नेहमीच्या उजेडात. दहा ओळी मोठ्यानं वाचायला सांगाव्यात आणि मजकुराची कागदी प्रत आपल्या हातात ठेवून जिथे ते अडखळतील तिथे पेन्सिलीनं खूण करावी. मध्ये बोलू नये. खुणा जोडाक्षरांवर आणि ब, ष, भ असल्या अक्षरांवर जमल्या तर अक्षर लहान आहे किंवा फॉन्ट चुकलाय. ओळींच्या सुरुवातीला जमल्या तर ओळ लांब आहे किंवा ओळी खेटल्यात. वाक्याच्या शेवटी, क्रियापदाच्या तोंडाशी जमल्या तर मांडणीला हात लावायची गरज नाही, वाक्य तोडायला हवं. दुरुस्ती झाल्यावर तेच पान पुन्हा वाचायला द्यावं, पण दुसऱ्या माणसाला; पहिल्याला मजकूर आता ओळखीचा झालेला असतो.